ताशी ८० किलोमीटर आणि दगडी बांध: सुरुवातीच्या टीटी शर्यती इतक्या जीवघेण्या का होत्या

२७ जून १९११ रोजी ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच टीटी शर्यतीचा सराव चालू होता. ग्लेन हेलन हा झाडीतला, वळणावळणाचा टप्पा. तिथे व्हिक्टर सरिज या तरुणाची रज-व्हिटवर्थ मोटारसायकल रस्त्याकडेच्या बांधावर आदळली आणि तो मृत्युमुखी पडला. तो नवशिका नव्हता. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या बंदिस्त ट्रॅकवर त्याने रजवरच वेगाचे विक्रम केले होते. टीटीचा तो पहिला बळी.

त्या वर्षी मुख्य शर्यत जिंकणाऱ्या स्वाराचा सरासरी वेग होता ताशी ७६.७ किलोमीटर. आज ऑफिसला जायची साधी गाडीसुद्धा महामार्गावर हा वेग सहज धरते. मग एवढ्या वेगाला तयारीचा स्वार का मरावा? ते लोक शूर होते, जिवावर उदार होते, हे उत्तर ऐकायला बरे वाटते. पण त्यातून काहीच कळत नाही आणि मेलेल्या माणसांवर त्यात अन्यायही होतो. त्या काळातल्या बहुतेक मृत्यूंमागे बोट ठेवून दाखवता येईल असे कारण सापडते. कुठे टायर आणि रिमची जोडणी, कुठे रस्त्यात आडवा घातलेला अडसर, कुठे मासे वाहणारी गाडी, कुठे डोंगरावरचे धुके. यातली काही कारणे दूर करता आली, आणि बहुतेक वेळा ती कोणी तरी मेल्यावरच दूर झाली. एक कारण मात्र आजही तसेच उभे आहे.

बेटावरच का?

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा घातली होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करायला तिथली संसद तयार नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद शर्यत झाली. तिच्यात मोटारींबरोबर मोटारसायकलीही होत्या. धुळीचे लोट, रस्त्यावर उतरलेली गर्दी आणि त्यातून धावणारी यंत्रे यांनी इतके जीव घेतले की फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. मृतांमध्ये मोटार उद्योजक मार्सेल रेनो होता.

आइल ऑफ मॅनला टिनवॉल्ड ही स्वतःची संसद आहे. तिने १९०४ मध्ये कायदा करून मोटारींच्या चाचणी शर्यतीसाठी रस्ते बंद करायची सोय केली आणि मोटारसायकलवाले तिथे पोहोचले. पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी झाली. सेंट जॉन्स गावापासून सुरू होणारा सुमारे २५.४ किलोमीटरचा फेरा होता आणि असे दहा फेरे मारायचे होते. २५ स्वार निघाले. एक सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलियर मॅचलेसवर जिंकला, सरासरी वेग ताशी ६१.५ किलोमीटर. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर जिंकला, सरासरी ५८.३. त्याच्या नॉर्टनला प्यूजोचे इंजिन होते.

त्या शर्यतीत पेट्रोलवर बंधन होते. एक सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल द्यायचे, म्हणजे लिटरला साधारण ३२ किलोमीटर, आणि दोन सिलिंडरच्या गाडीने साडेसव्वीस. शर्यत गाडीची आहे, नुसत्या वेगाची नाही, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण पेट्रोल वाचवायला स्वार हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण ठेवायचे. असे मिश्रण लांबच्या पल्ल्यावर इंजिन तापवते आणि तापलेले इंजिन जाम होते. हा नियम दोनच वर्षे टिकला.

खडीकरणाचा रस्ता

त्या रस्त्याची कल्पना यायला आपल्या गावाकडचा डांबर न पडलेला खडीकरणाचा रस्ता आठवावा. फोडलेली खडी पसरायची, वर बारीक चुरा टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. बैलगाडीसाठी किंवा घोडागाडीसाठी हा रस्ता उत्तम, कारण लोखंडी धावेची चाके तो उलट दाबून घट्ट करतात. रबरी टायर आणि वेग आला की गणित फिरते. टायर मागे फेकतो तो चुरा, आणि चुरा गेला की खडी सुटी होते. कोरड्या दिवसात पुढच्याच्या धुळीत मागच्याला वळण दिसत नाही. पाऊस पडला की त्याच चुऱ्याचा राडा होतो.

स्वार ठरावीक अंतराने सोडत असत. त्यामुळे कोणाला गाठले म्हणजे त्याच्या धुळीत शिरायचे आणि आंधळेपणाने ओलांडायचे. १९०७ मध्ये धूळ बसवायला रस्त्याच्या काही भागांवर आम्लाचे द्रावण फवारले होते. ते स्वारांच्या कपड्यांवर उडाले आणि फाउलरने नंतर सांगितले की दोन दिवसांत कपडे उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसू लागले. डोळ्यांत काय गेले असेल, याचा अंदाज यावरून बांधावा.

१९११ मध्ये शर्यत डोंगराच्या फेऱ्यावर गेली. लांबी साडेसदतीस मैल, म्हणजे ६० किलोमीटरच्या थोडी वर. डग्लसहून निघून पश्चिमेकडून उत्तरेला रॅम्झी गाव, तिथे रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीला येतो, आणि तिथून स्नेफेल डोंगराच्या खांद्यावर सुमारे ४२२ मीटरपर्यंत चढायचे, मग पुन्हा डग्लसकडे उतरायचे. डोंगरावरचा भाग त्या वेळी गाडीवाटेपेक्षा फारसा बरा नव्हता. चाकोऱ्या पडलेल्या, मध्ये गवत, मोकाट मेंढ्या, आणि कुरणांच्या हद्दीवर रस्त्यात आडवी फाटके. सकाळच्या सरावाला जो स्वार पहिला वर पोहोचेल त्याने उतरून फाटके उघडायची, अशी पद्धत होती. केपल गेट या आजच्या वळणाचे नाव अशाच एका फाटकावरून आले आहे.

पट्टा, ठोकळा आणि हातपंप

गाडीकडे वळू. १९०७ च्या मोटारसायकलची चौकट सायकलची थोडी जाड बहीण होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला एका पट्ट्याने पोहोचायची. हा व्ही आकाराचा पट्टा चामड्याचा किंवा रबर-कापडाचा असे आणि इंजिनच्या छोट्या पुलीवरून मागच्या चाकाला जोडलेल्या मोठ्या पुलीवर जाई. बहुतेक गाड्यांना क्लच नाही, गिअर नाही. गाडी ढकलत पळायचे आणि इंजिन पेटले की उडी मारून बसायचे. चढावर इंजिन दमले की पॅडल मारायचे. १९०८ पासून पॅडलला बंदी आली.

या पट्ट्यात दोष एक नव्हता. ओला झाला की पुलीवर घसरतो आणि ताकद चाकापर्यंत जात नाही. तापला की ताणतो. मग थांबून त्याचा तुकडा कापायचा आणि टोके धातूच्या आकड्याने पुन्हा जोडायची. हा आकडा धावताना तुटला तर पट्टा सुटून रस्त्यावर पडतो, हे झाले नशीब. नाहीतर तो मागच्या चाकात गुंडाळतो आणि चाक अडकते. सुट्या खडीवर मागचे चाक अचानक अडकले की गाडी आडवी होणारच.

ब्रेक हा आजच्या वाचकाला सर्वांत धक्का देणारा भाग आहे. पुढे सायकलसारखे दोन छोटे ठोकळे रिमवर दाबले जायचे. मागे पट्ट्याच्या पुलीच्या खाचेत एक ठोकळा दाबला जायचा. ओल्या रिमवर ठोकळा नुसता सरकतो, आणि मागच्या पुलीवर पट्ट्याचे तेल-पाणी असतेच. शिवाय सुट्या खडीवर पुढचा ब्रेक लावायला स्वार घाबरत, आणि ते बरोबरच होते, कारण पुढचे चाक घसरले की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो मुख्यतः इंजिनच्या जोरावर. हँडलवरच्या एका चापाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरता यायचा. तो उचलला की इंजिनचे जोर लावणे थांबे.

यातून थांबण्याचे अंतर किती होते, याचा हिशेब करता येतो. आजच्या चांगल्या गाडीला कोरड्या डांबरावर ताशी ८० वरून थांबायला साधारण ३० ते ३५ मीटर लागतात. ब्रेकचा जोर त्याच्या एक तृतीयांश धरला तर हे अंतर १०० मीटरच्या आसपास जाते. म्हणजे ज्या वळणापलीकडचे ७० मीटरच दिसतात त्या वळणावर ८० ने शिरणारा स्वार समोर काही आले तर थांबू शकत नाही. त्याच्या कौशल्याचा इथे काहीही संबंध उरत नाही.

आता तेल. आजच्या इंजिनात तेल आतल्या आत फिरते. तेव्हा ते एकदाच वापरले जाऊन बाहेर पडायचे, आणि पुरवठा हाताने करायचा. टाकीवर दट्ट्याचा छोटा पंप असे. दर काही मैलांनी हँडलवरचा एक हात सोडून तो पंप दाबायचा. विसरलात तर पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि क्लच नसल्यामुळे इंजिन जाम म्हणजे मागचे चाकही जाम. जास्त दाबलात तर प्लगला तेल लागून ठिणगी बंद. शिवाय सगळ्यांचे वापरलेले तेल रस्त्यावरच पडत राहते. थ्रॉटल, हवा आणि ठिणगीची वेळ यांचे चाप वेगवेगळे, तेही सोडले की आपोआप बंद न होणारे. पडताना हात सुटला तरी इंजिन जोर लावतच राहायचे.

डोंगराच्या फेऱ्याने यातल्या निदान एका गोष्टीचा निकाल लावला. स्नेफेलचा चढ एका गिअरवर आणि घसरत्या पट्ट्यावर नीट चढता येत नाही. १९११ च्या सिनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या मुख्य शर्यतीत अमेरिकन कंपनी इंडियनच्या गाड्या दोन गिअर आणि साखळी घेऊन आल्या आणि पहिले तीनही क्रमांक घेऊन गेल्या: ऑलिव्हर गॉडफ्री, चार्ल्स फ्रँकलिन आणि आर्थर मूरहाउस. साखळी पावसात घसरत नाही. चढावर खालचा गिअर मिळतो आणि क्लचमुळे इंजिन चाकापासून तोडता येते. वेगासाठी आणलेली ही सुधारणा सुरक्षेचीही ठरली. ब्रेक मात्र बराच काळ मागेच राहिले. ड्रमचे ब्रेक सर्रास यायला १९२० चे दशक उजाडले.

हवा गेली की टायर गेला

त्या काळचा टायर रिमला कसा बसायचा हे समजले की १९१३ मध्ये गेलेल्या फ्रँक बेटमन या स्वाराचा मृत्यू समजतो.

आजच्या टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती तार रिमच्या व्यासापेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून हवा कमी झाली तरी टायर लगेच रिमवरून उतरत नाही. १९१० च्या सुमाराच्या टायरच्या कडेला तार नव्हती. रबराचा जाड ओठ होता, आणि रिमच्या कडा आत वळवून त्याला खाच केलेली होती. ट्यूबमधली हवा हा ओठ त्या खाचेत दाबून धरायची. धरून ठेवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे हवेचा दाब. तो गेला की ओठ खाचेतून निघतो, टायर रिमवर आडवा सरकतो आणि चौकटीत किंवा काट्यात अडकतो. यावर उपाय म्हणून रिमला भोके पाडून आतून पकड बोल्ट लावत. त्यांनी टायर जागेवर फिरायचा थांबे, पण पूर्ण वेगाने फुटलेला टायर ते धरून ठेवू शकत नसत.

टायर फुटण्याची कारणे रस्त्यावरच पडलेली होती. घोड्यांच्या नालांचे खिळे, धारदार खडी, आणि उतारावर ठोकळ्याच्या ब्रेकने तापलेली रिम. रुंदी जेमतेम सव्वादोन-अडीच इंच असल्यामुळे दाब भरपूर ठेवावा लागे. पंक्चर काढायचे ते स्वारानेच, रस्त्याच्या कडेला बसून. काहींच्या ट्यूब गोल कडे नसून दोन बंद टोकांच्या असत. चाक न काढता जुनी ट्यूब ओढून नवी घालता यायची. फाउलरचा पुढचा टायर १९०७ मध्ये ऐन वेगात फुटला. तो वाचला, टायर दुरुस्त केला, वाटेत प्लग बदलत आणि पट्टा आवळत राहिला, आणि तरी जिंकला.

१९१३ मध्ये बेटमन वाचला नाही. सिनियर शर्यतीत तो रजवर होता. केपल गेटहून क्रेग-नी-बाकडे उतरणारा रस्ता लांब, सरळ आणि उताराचा आहे, म्हणजे फेऱ्यातल्या सर्वांत वेगवान टप्प्यांपैकी एक. तिथे टायर गेला. प्रत्यक्ष शर्यतीत मरण पावलेला टीटीचा तो पहिला स्वार. तारेच्या कडेचे टायर आणि त्यांच्यासाठी मध्ये खोलगट केलेली रिम मोटारसायकलींवर रूढ व्हायला त्यानंतर दहाहून अधिक वर्षे गेली.

पडणे वेगळे, आदळणे वेगळे

ताशी ८० ने धावणाऱ्या शरीरात जेवढी ऊर्जा असते तेवढी २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठव्या मजल्याच्या आसपासहून पडताना जमिनीला टेकण्याच्या क्षणी असते. पण म्हणून ८० ला पडलेला प्रत्येक जण मरतो का? नाही. गाडीवरून पडणारा माणूस खाली पडतो तो जेमतेम मीटरभर. बाकीची ऊर्जा आडवी असते आणि ती घसरताना, घासताना संपते. कातडी सोलते, हाडे मोडतात, पण सगळी ऊर्जा एका क्षणात अंगावर येत नाही. ८० ला घसरत थांबायला साधारण ४० मीटर मोकळी जागा लागते.

ती मोकळी जागा मिळते का, यावर जगणे-मरणे ठरते. ब्रुकलँड्सला ती बऱ्याच अंशी होती. आइल ऑफ मॅनला नव्हती. तिथल्या शेतांच्या कडेला बांध आहेत: आत माती, बाहेर दगडाचे तोंड, वर गवत आणि झुडपे. लांबून ते मऊ हिरवे दिसतात. आत मात्र दगड आहे. त्यात घरांच्या भिंती, पुलांचे कठडे, फाटकांचे खांब, फुटपाथच्या कडा. दोन बांधांमधला रस्ता काही मीटर रुंद.

बांधावर आदळताना कोन महत्त्वाचा. ८० ने जाणारा स्वार १५ अंशाच्या तिरप्या कोनात बांधाला घासला तर बांधाच्या दिशेने त्याचा वेग ताशी २१ च्या आसपास असतो. बहुधा जगतो. तोच ६० अंशाच्या कोनात गेला तर तो वेग ६९ होतो. म्हणून सरळ रस्त्यावर पडलेले अनेक जण उठून पुन्हा गाडीवर बसले आणि वळणाच्या बाहेरच्या बांधावर गेलेले उठले नाहीत. सरिजचा अपघात बांधावरचाच होता.

शिवाय उपचार. पेनिसिलिन अजून यायचे होते. हाड मोडून कातडीबाहेर आलेली जखम घोड्यांच्या लिदीने भरलेल्या रस्त्यावर झालेली असे, आणि पुढचा आठवडा तापाचा असे. जखमीला डोंगरावरून डग्लसच्या नोबल्स हॉस्पिटलपर्यंत न्यायचे तर वाट एकच होती आणि तिच्यावर शर्यत चालू होती. हेलिकॉप्टर आले ते १९६३ मध्ये.

कॅनव्हास आणि लाख

डोक्याबद्दल पहिला खरा विचार शर्यत भरवणाऱ्यांनी किंवा स्वारांनी केला नाही. तो एका डॉक्टरने केला. एरिक गार्डनर ब्रुकलँड्सचे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला मार लागलेले स्वार त्यांच्याकडे वरचेवर येत. त्यांनी कॅनव्हासचे थर शेलॅकने, म्हणजे लाखेपासून काढलेल्या राळेने घट्ट करून एक टणक टोपी बनवून घेतली. शर्यत भरवणाऱ्या ऑटो-सायकल युनियनने आधी ही कल्पना धुडकावली, मग पटवून घेतली आणि १९१४ च्या टीटीत सक्तीची केली. स्वारांचा विरोध मोठा होता. त्या शर्यतीनंतर बेटावरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने गार्डनरना कळवले की दर वर्षी शर्यतीनंतर मेंदूला धक्का बसलेले काही रुग्ण हमखास येतात, या वर्षी एकही आला नाही.

टोपी नेमके काय करते? दोन कामे. पहिले, टणक गुळगुळीत कवच तिरपा मार निसटून जाऊ देते आणि खडीचे टोक कवटीत घुसू देत नाही. दुसरे काम थांबण्याच्या अंतराचे. १.८ मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीवर २ मिलिमीटरमध्ये थांबले तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ९०० पट झटका येतो. तेच २० मिलिमीटरमध्ये थांबले तर ९० पट. पहिल्यात कवटी फुटते, दुसऱ्यात माणूस जगण्याची चांगली आशा असते. त्या काळच्या टोप्यांत हे जास्तीचे अंतर फार थोडे होते. आत थर्मोकोलसारखा दबणारा थर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणून १९१४ ची टोपी घसरून पडणाऱ्याला वाचवायची, भिंतीवर सरळ जाणाऱ्याला नाही.

आणि हे ज्ञान शर्यतीच्या मैदानाबाहेर पडायला २७ वर्षे लागली, ही गोष्ट मनाला लागते. मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागलेल्या टी. ई. लॉरेन्सवर, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वर उपचार केले. तो वाचला नाही. पुढे केर्न्सनी सैन्याच्या निरोप्या स्वारांच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये क्रॅश हेल्मेटचे महत्त्व मांडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले हेल्मेटचे कलम १२९ याच वाटेवरचे आहे.

शर्यत भरवणाऱ्यांच्या चुका

यंत्राच्या दोषांना काळाची मर्यादा म्हणता येईल. पुढच्या तीन मृत्यूंना तसे म्हणता येत नाही.

१९१४ च्या ज्युनियर, म्हणजे लहान इंजिनांच्या शर्यतीत फ्रेड वॉकर रॉयल एनफिल्डवर तिसरा आला. टोपी घातलेली होती, शर्यत पूर्ण झाली होती. शेवटची रेषा ब्रे हिलच्या माथ्याजवळ होती, आणि तिच्या पुढे रस्ता अडवायला आडवा अडसर घातलेला होता. वॉकर रेषा ओलांडून त्या अडसरावर गेला आणि काही दिवसांनी मरण पावला. वरचा थांबण्याचा हिशेब इथे लावून बघा. पूर्ण वेगाने रेषा ओलांडणाऱ्या, धुळीने डोळे भरलेल्या, तासन्‌तास गाडी चालवून थकलेल्या माणसाला शंभरेक मीटर मोकळा रस्ता हवा, हे शर्यत भरवणाऱ्यांना माहीत असायलाच हवे होते. अडसर मागे सरकवायला पैसे लागत नव्हते, शोध लागत नव्हता.

दुसरा आर्ची बर्किन, १९२७. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असत, पण सराव पहाटे, रस्ते चालू ठेवून होई. दूध, मासे, शेतावर निघालेल्या घोडागाड्या, सगळे त्याच वेळी रस्त्यावर. किर्क मायकलजवळ रेनकलन इथे बर्किन समोरून आलेली मासळीची गाडी चुकवायला गेला आणि मारला गेला. तोवर गाड्यांचा वेग ताशी १०० च्या पुढे सरकला होता, तरी सरावाची पद्धत घोडागाडीच्या काळातली राहिली होती. पुढच्या वर्षापासून, १९२८ मध्ये, सरावालाही रस्ते बंद होऊ लागले. त्या जागेला आज बर्किन्स बेंड म्हणतात.

तिसरा सिड क्रॅबट्री. १९२९ ची लाइटवेट, म्हणजे त्याहून लहान इंजिनांची टीटी त्याने जिंकली होती. १९३४ मध्ये त्याच शर्यतीत डोंगरावरच्या धुक्यात तो मरण पावला. इथली अडचण फेऱ्याच्या आकारात आहे. खाली रॅम्झीत ऊन असू शकते आणि वर ढग रस्त्यावर बसलेला असू शकतो. टेलिफोनच्या चौक्या मोजक्या होत्या. एखादा स्वार दोन चौक्यांच्या मध्ये पडला तर तो येत नाही, एवढेच पुढे कळायचे. १९११ च्या वेगाने एका फेऱ्याला ४७ मिनिटे लागत, त्यावरून ही अनिश्चितता किती लांबत असेल ते कळते. १९३५ पासून मोटारसायकलवरून फेऱ्यात फिरणारे मार्शल नेमले गेले. रस्ता बघणे, धुक्याची खबर देणे, पडलेल्यापर्यंत पहिले पोहोचणे ही त्यांची कामे. त्याच वर्षी धुक्यामुळे सिनियर शर्यत एक दिवस पुढे ढकलली गेली.

बांध मात्र हलले नाहीत

१९२० च्या दशकात रस्त्यांवर हळूहळू डांबर आले, ब्रेक सुधारले, टायर सुधारले, तेल आपोआप फिरू लागले. यातून सुरक्षितता वाढली असती, जर वेग तेवढाच राहिला असता. तसे झाले नाही. जिमी सिम्पसनने डोंगराचा फेरा १९२४ मध्ये सरासरी ताशी ६० मैलांवर, १९२६ मध्ये ७० वर आणि १९३१ मध्ये ८० वर नेला. १९३७ मध्ये फ्रेडी फ्रिथने ९०.२७ मैलांचा, म्हणजे ताशी १४५ किलोमीटरचा फेरा मारला. १९११ च्या विजेत्याशी तुलना केली तर वेग १.९ पट. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती ३.६ पट. घसरत थांबायला आता १३० मीटरच्या जवळपास जागा हवी. बांध, भिंती आणि पूल होते तिथेच होते.

बलाफ गावातला कमानीचा पूल याचे चांगले उदाहरण आहे. रस्ता पुलावर एकदम उंच होतो आणि पलीकडे एकदम खाली जातो. बैलाच्या चालीने जाणाऱ्याला तो नुसता उंचवटा वाटेल. वेगात गेलात तर दोन्ही चाके जमीन सोडतात. उडताना थ्रॉटल सोडला किंवा गाडी वाकडी असताना उडाली तर पुढचे चाक आधी आणि तिरपे टेकते, हँडल हिसकले जाते, आणि समोर घरे आहेत. १९३९ च्या सरावात बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल तिथे पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्याच वर्षी त्याचा साथीदार गेऑर्ग मायर याने बीएमडब्ल्यूवर सिनियर टीटी जिंकली. गाडीत खोट नव्हती, रस्ता बंद होता, डोक्यावर हेल्मेट होते. अडचण पुलाची होती, आणि पूल गावाचा होता.

युद्धानंतर, १९४९ मध्ये, टीटी जागतिक अजिंक्यपदाचा भाग झाली, म्हणजे गुणांसाठी प्रत्येक मोठ्या स्वाराला तिथे जाणे भाग पडू लागले. १९७२ मध्ये डोंगरावरच्या व्हेरांडा या वळणावर पावसात गिल्बर्टो पार्लोत्ती मरण पावला आणि त्याचा मित्र, अनेक वेळा टीटी जिंकलेला जाकोमो अ‍ॅगोस्टिनी, पुन्हा तिथे धावला नाही. इतरही अनेक मोठे स्वार दूर राहिले. १९७६ नंतर टीटीचा अजिंक्यपदाचा दर्जा गेला. तेव्हापासून तिथे जायचे की नाही, हे प्रत्येक स्वार स्वतः ठरवतो. फेरा आजही ६०.७ किलोमीटरचा आहे, काही बांधांपुढे आता गाद्या लावतात, आणि ग्लेन हेलनचा रस्ता झाडी आणि बांध यांच्या मधूनच जातो.